आप्पांच्या कॅसेटी क्लाउडवर
२०१९ च्या पुरात सांगलीत आमची खालची खोली बुडाली, आप्पांच्या भजनांच्या निम्म्या कॅसेटी चिखलात गेल्या. वाचल्या त्या एमपीथ्री करून क्लाउडवर टाकल्या. तुम्हीही टाकणार असाल तर आधी जागेचा हिशेब करा: ३२० केबीपीएसला (एमपीथ्रीच्या आवाजाचा वरचा दर्जा) तासाला साधारण १४४ एमबी लागतात. गुगल ड्राइव्हची फुकट १५ जीबी जीमेल आणि फोटोंतही वाटली जाते. ड्राइव्ह म्हणजे गोदाम. ऐकायला यूट्यूब म्युझिक बरं. स्वतःची १ लाख गाणी चढवता येतात, पण कॉम्प्युटरवरून. फ्लॅक, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल, तीही चालते. चढवण्याआधी प्रत्येक फाइलीत गायक, अल्बम भरा. मी आळस केला. ‘साइड बी’ नावाच्या अकरा फायली झाल्या, आणि आप्पांचा खोकला नेमका कुठल्या भजनात आहे ते शोधत रात्र गेली. मूळ फायली हार्ड डिस्कवर ठेवा, आणि ती माळ्यावर.