एएचसी असलेली लँड क्रूझर १०० आणि एलएक्स ४७० दीड इंच उचलताना

टोयोटा लँड क्रूझर १०० आणि तिचा लेक्सस अवतार एलएक्स ४७०, दोन्ही १९९८ ते २००७ या काळातल्या गाड्या. एलएक्स ४७० मध्ये तेलाच्या दाबावर उंची बदलणारे सस्पेन्शन, म्हणजे एएचसी, असतेच. लँड क्रूझरमध्ये ते काही प्रकारांतच आले. गिअरजवळ उंची वर-खाली करायचे बटण आणि त्याच्याशेजारी 'ऑफ' बटण असेल तर तुमच्या गाडीत एएचसी आहे. आखातात राहणाऱ्या मराठी मंडळींना जुन्या गाड्यांच्या बाजारात ही गाडी सहज सापडते, आणि वाळवंटासाठी ती उचलायची म्हटली की पहिला सल्ला मिळतो तो एएचसी काढून साधे शॉकअप बसवण्याचा. हा सल्ला मानण्याची गरज नाही. चांगल्या स्थितीतली एएचसी दीड इंचापर्यंतची उचल विनातक्रार पेलते, फक्त काम योग्य क्रमाने व्हायला हवे.

प्रत्येक चाकापाशी शॉकअपसारखा दिसणारा हायड्रॉलिक सिलिंडर आहे. त्याला नळीने जोडलेला एक लोखंडी गोळा असतो. गोळ्याच्या आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेला नायट्रोजन. याशिवाय पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या लोखंडी दांड्या) आणि मागे कॉइल स्प्रिंगा आहेतच. गाडीचे बरेचसे वजन या स्प्रिंगा पेलतात आणि उरलेले तेल पेलते. चेसिसवर तीन सेन्सर आहेत, पुढे दोन व मागे एक. ते उंची मोजतात आणि कॉम्प्युटर तेल आत-बाहेर करून गाडी ठरलेल्या उंचीवर ठेवतो.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: या गाडीची उंची सेन्सर ठरवतात आणि तेलावर किती भार पडणार हे स्प्रिंगा ठरवतात. साध्या गाडीची सवय असलेला मेकॅनिक टॉर्शन बारचा बोल्ट आवळतो आणि गाडी वर आली म्हणून खूश होतो. इंजिन सुरू केले की कॉम्प्युटर तेल सोडतो आणि गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणतो. बोल्ट आवळल्याने उंची वाढलेली नसते, पुढचा तेलाचा दाब तेवढा उतरलेला असतो. उलट कोणी फक्त सेन्सर सरकवतो. गाडी खरोखर वर राहते, पण स्प्रिंगा मोकळ्या झाल्यामुळे त्यांच्या वाट्याचे वजन तेलावर येते, दाब चढतो, गाडी दगडासारखी आदळू लागते आणि गोळ्यांवर कायमचा ताण राहतो. दोन्ही कामे एकत्र केली तरच उचल टिकते.

आधी गाडीची प्रकृती तपासा

सपाट फरशी, भरलेली टाकी, स्टेपनी जागेवर, आत कोणी बसलेले नाही, टायरमध्ये योग्य हवा. विंच, लोखंडी बंपर, मागचे ड्रॉवर असे काही बसवायचे असेल तर ते आधी बसवा, कारण नंतर वाढलेले वजन सगळे आकडे बदलते.

इंजिन सुरू करून गाडी 'एन' (नॉर्मल, म्हणजे मधल्या) उंचीवर आणा. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. मूळ उंची पुढे साधारण ५०२ मिलिमीटर आणि मागे ५२१ मिलिमीटर येते. चारही चाकांचे आकडे लिहून ठेवा. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका. टायरची झीज आणि हवा त्या मापात घुसते.

आता दाब. त्यासाठी टोयोटाचे टेकस्ट्रीम सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप आणि ओबीडीला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या तपासणी सॉकेटला, लागणारी केबल हवी. गाडी 'लो' वर उतरवा, तिथून 'एन' वर चढवा आणि चढण संपताच आकडे वाचा. एलएक्स ४७० मध्ये पुढचा दाब ६.४ ते ७.४ मेगापास्कल (दाबाचे एकक) आणि मागचा ५.६ ते ६.७ मेगापास्कल असावा. पुढे ६.९ हा आकडा धरून काम करा. लॅपटॉपशिवाय ही उचल करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंदाजाने केलेल्या कामात दाब कुठे गेला ते कळतच नाही, आणि गोळे फुकट गेल्यावरच उलगडा होतो.

तिसरी तपासणी गोळ्यांची. बॉनेटखालच्या तेलाच्या टाकीवर बारीक रेघा आहेत. गाडी 'हाय' वर असताना तेलाची पातळी बघा, मग 'लो' वर आणून पुन्हा बघा. नव्या गोळ्यांत हा फरक सुमारे १४ रेघांचा असतो. तो ७ किंवा त्याहून कमी भरला तर गोळ्यांतला वायू गेला आहे. अशा गाडीला उचल देण्याआधी चारही गोळे बदला. दोनच बदलून भागत नाही. जुन्या-नव्याची जोडी झाली की गाडी डोलते.

कल काढणे

बहुतेक जुन्या गाड्या एका बाजूला थोड्या कललेल्या असतात. हा कल एका बाजूचा सेन्सर सरकवून जात नाही. पुढच्या दोन सेन्सरांची सरासरी धरून कॉम्प्युटर पुढचा भाग उचलतो. डावी-उजवी बाजू सारखी करणे त्याच्या हाती नाही. ते काम टॉर्शन बारचे. जी बाजू खाली आहे तिचा बोल्ट आवळा आणि वर असलेल्या बाजूचा तेवढाच सैल करा. अर्धा-अर्धा फेरा द्या, गाडी थोडी पुढे-मागे चालवून आणा, पुन्हा मोजा. डाव्या-उजव्यातला फरक ५ मिलिमीटरच्या आत आला की पुढे जा. मागचा कलसुद्धा बहुधा याच उपायाने जातो.

टॉर्शन बारच्या बोल्टला ३० ची गोटी लागते. गंज उतरवणारे द्रव्य आदल्या दिवशी दोन-तीनदा मारून ठेवा आणि आटे तारेच्या ब्रशने साफ करा. गाडीचे वजन बोल्टवर असताना तो कधीही फिरवू नका, आटे सोलून निघतात. आधी 'ऑफ' बटण दाबा, इंजिन बंद करा, चेसिसखाली जॅक लावून पुढची चाके उचला, स्टँड लावा आणि मगच पाना घाला. 'ऑफ' दाबायचे राहिले तर जॅकवरची गाडी कॉम्प्युटरला उंच झालेली वाटते आणि तो तेल सोडायला लागतो. खाली माणूस असताना हे जिवावर बेतू शकते.

सेन्सर सरकवणे

प्रत्येक सेन्सरची दांडी जिथे बसते तिथे लांबट खाच आहे आणि तिच्यावर १० च्या पान्याचा नट. इंजिन बंद, इग्निशन चालू, लॅपटॉपवर उंचीचे आकडे उघडे. गाडी 'एन' वर असताना आकडा शून्याच्या आसपास दिसतो. नट सैल करून दांडी अशी सरकवा की आकडा वजा ३८ मिलिमीटर दाखवेल. सॉफ्टवेअर इंचात असेल तर वजा दीड. याचा अर्थ, गाडी दीड इंच खाली बसली आहे असे कॉम्प्युटरला वाटते. पुढचे दोन्ही सेन्सर अगदी सारखे सरकवा. मागचा एकच आहे, त्यालाही तेवढेच द्या. नट आवळताना दांडी हातात धरून ठेवा, नाहीतर शेवटच्या आवळणीत ती २-३ मिलिमीटर फिरते. गंजलेला नट जोर लावून फोडलात तर सेन्सरच बदलावा लागतो आणि तो स्वस्त नाही.

इंजिन सुरू करा. गाडी स्वतःच वर येईल. टेपवर पुढे ५४० आणि मागे ५५९ च्या आसपास आकडा दिसायला हवा. सेन्सर सरकवल्यामुळे 'लो', 'एन' आणि 'हाय' या तिन्ही उंच्या एकसारख्या वर जातात. मोठे टायर बसवणाऱ्यांना याचा फायदा होतो, कारण 'लो' वर टायर घासण्याचा त्रास कमी होतो. शिवाय 'हाय' मध्ये ताशी ३० किलोमीटरच्या वर गेले की गाडी आपोआप 'एन' वर उतरते, त्यामुळे वेगात चालवताना जी उंची हवी ती 'एन' मध्येच मिळवावी लागते.

दाब परत जागेवर आणणे

आता पुन्हा दाब वाचा. पुढचा चढलेला असेलच. टॉर्शन बारच्या दोन्ही बोल्टना एक-एक पूर्ण फेरा दिला की पुढचा दाब सुमारे ०.२ मेगापास्कलने उतरतो. वाचन ७.९ असेल आणि ६.९ हवे असेल तर दोन्हीकडे पाच फेरे. एकदम पाच देऊ नका. तीन द्या, गाडी चालवून आणा, वाचा, मग उरलेले. आटे संपत आले आणि दाब अजून वर असेल तर बार काढून दातांवर एक घर पुढे बसवावा लागतो. काढण्याआधी मूळ जागेची खूण रंगाने करा. ६.४ च्या खालीही जाऊ नका. तेलावर भारच उरला नाही की गाडी 'लो' वर उतरायला कुरकुरते आणि रस्त्यावर तरंगल्यासारखी चालते.

मागे फिरवायला बोल्ट नाही. तिथे दोन मार्ग आहेत: स्प्रिंगच्या वर स्पेसर (जाड चकती) किंवा नव्या स्प्रिंगा. वीस वर्षे दबलेल्या स्प्रिंगांवर स्पेसर चढवणे स्वस्त पडते, पण मागे कायम सामान वाहणाऱ्या गाडीला एएचसीसाठीच बनवलेल्या थोड्या जाड स्प्रिंगाच घालाव्यात. साध्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगा मात्र नको. त्या पूर्ण वजन एकट्याने पेलायला बनवलेल्या असतात, तेलाला काही उरवत नाहीत. हलक्या वापरातल्या गाडीला ३० मिलिमीटरचा पॉलियुरेथेन स्पेसर पुष्कळदा पुरतो.

स्प्रिंग काढताना गाडी 'लो' वर आणा, इंजिन बंद करा, मागची बाजू चेसिसवर स्टँड लावून उचला, चाके काढा. मागच्या सेन्सरची दांडी आधी सोडवा. हे विसरून एक्सल खाली सोडला की दांडी तुटते; या कामात सर्वांत जास्त होणारे नुकसान हेच. मग मागच्या ब्लीड स्क्रूला (तेल आणि हवा बाहेर सोडायचा स्क्रू) पारदर्शक नळी लावून, तिचे दुसरे टोक बाटलीत घालून, स्क्रू अगदी पाव फेरा उघडा आणि दाब जाऊ द्या. या नळ्यांत साठ-सत्तर वातावरणांइतका दाब असतो. बारीक फवारासुद्धा कातडी भेदून आत जाऊ शकतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालाच, आणि गळती बोटाने चाचपू नका. नंतर स्टॅबिलायझर बारच्या लिंक आणि सिलिंडरचे खालचे बोल्ट सोडा, जॅकवर एक्सल हळूहळू उतरवा, ब्रेकच्या नळीवर लक्ष ठेवा. स्पेसर वरच्या रबरी बैठकीशी बसवा आणि स्प्रिंगचे खालचे टोक तिच्या खोबणीतच टेकले आहे ना ते बघा.

तेल आणि हवा

या यंत्रणेत फक्त टोयोटाचे एएचसी तेल जाते, अडीच लिटरचा डबा, भाग क्रमांक ०८८८६-०१८०५. ब्रेक ऑइल किंवा गिअरबॉक्सचे तेल घातले तर सील खराब होऊ शकतात. पूर्ण तेल बदलायला दोन डबे हाताशी ठेवा. पाच ठिकाणी ब्लीड करायचे: चार चाकांचे चार आणि शेवटी चेसिसवरच्या लांब अॅक्युम्युलेटरचा (दाबाखालचे तेल साठवणारे नळकांडे) एक. अॅक्युम्युलेटरमधला दाब चाकांपेक्षा बराच जास्त, १० मेगापास्कलच्या घरात असतो. तिथे विशेष सावकाश. प्रत्येक चाकानंतर टाकीतली पातळी भरून घ्या. टाकी एकदा रिकामी झाली की पंप हवा ओढतो, मग मोटर लांबलचक गुरगुरते, तेलाला फेस येतो आणि गाडी चढायला फार वेळ घेते. असे झालेच तर तासभर थांबा, फेस बसू द्या आणि पुन्हा सगळे ब्लीड करा.

दीडच इंच का

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि अडचण तिथेच येते. गाडी वर गेली की चाक खाली लोंबायला उरलेली जागा तेवढीच कमी होते आणि एक्सलचे सांधे तिरपे होतात. उचललेली गाडी 'हाय' वर नेली की हा तिरपेपणा कमाल मर्यादेजवळ जातो, म्हणून तिथे फक्त खडकांतून किंवा खड्ड्यांतून रांगत्या वेगाने जायचे, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून जोरात अॅक्सिलरेटर दाबायचा नाही. एक्सलचे रबरी बूट घडीत घासू लागले की ग्रीस बाहेर फेकले जाते; पहिल्या हजार किलोमीटरात दोनदा खाली वाकून बघा. दोन इंच हवे असतील तर पुढचा डिफरन्शियल खाली घेणे आणि वरचे आर्म बदलणे ओघाने येते. मागे दोन इंचांच्या वर गेल्यास एक्सल बाजूला सरकलेला जाणवतो, मग लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड (एक्सलला आडवा धरून ठेवणारी दांडी) लागतो.

काम संपताच व्हील अलाइनमेंट करा. उचलीने कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, गाडी सरळ रेषेत भटकते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. अलाइनमेंटवाल्याला कॅस्टर जेवढा जमेल तेवढा वाढवायला सांगा. हेडलाइटही खाली करा.

भारतात अशी गाडी असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचून घ्या. उत्पादकाच्या मूळ रचनेत केलेल्या बदलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कडक भूमिका घेतली आहे, आणि विमा कंपनीही हरकत घेऊ शकते. आखातात गाडीच्या नूतनीकरणाच्या तपासणीआधी स्थानिक नियम बघा. सेन्सर, बोल्ट आणि स्पेसर यांच्या मूळ जागा लिहून ठेवल्या असतील तर एका दिवसात गाडी पूर्ववत करता येते.

पाचशे किलोमीटरनंतर उंची आणि दाब पुन्हा एकदा मोजा. नवे स्पेसर आणि सुटे केलेले बोल्ट या काळात बसतात, त्यामुळे पुढे अर्धा-एक फेरा आणखी द्यावा लागतो.