अनामिका शोधा: टेरोसॉरची फरशी वाचायची कशी

आमचे अण्णा सोलापुरात फरशीचं काम करायचे. शहाबादी फरशी घेताना आधी बोटाच्या पेराने ठोकून बघायचे. खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर आत चीर आहे, परत गाडीत. ते पहिल्यांदा आमच्याकडे जर्मनीत, इंगोलश्टाटला आले तेव्हा मी त्यांना जवळच्या आइश्टेट गावाबाहेरच्या ब्लूमेनबर्ग खाणीत नेलं. त्यांनी पहिली पाटी उचलली आणि सवयीने ठोकलीच. "ही आपल्या शहाबादीची बहीण गं, फक्त गोरी!"

तेव्हापासून जो पाहुणा येईल त्याची इथे एक फेरी ठरलेली. दगडातला टेरोसॉर, म्हणजे डायनासोरांच्या काळचा उडणारा सरपटणारा प्राणी, कसा ओळखायचा हे प्रत्येकाला तेच तेच सांगते, म्हणून एकदा लिहूनच ठेवते.

हा झोल्नहोफेनचा चुनखडक, वय साधारण 15 कोटी वर्षं. उथळ, खारट खाडीच्या तळाशी चुन्याचा पिठासारखा गाळ थरावर थर बसत गेला. तळाचं पाणी इतकं वाईट की मेलेलं जनावर कुरतडायलाही तिथे कुणी फिरकत नसे. म्हणून हाडं जागची हलली नाहीत. दगडाचा कण इतका बारीक की शिळाछापाचं तंत्रच या दगडावर जन्मलं.

खाणीत छिन्नी-हातोडी भाड्याने मिळते. चष्मा मात्र घरून न्या, कपच्या डोळ्यात उडतात. पाटी आडवी ठेवून वरून ठोकू नका, सगळे तेच करतात. ती कडेवर उभी धरा, पापुद्र्याची रेघ शोधा, छिन्नी रेघेवर टेकवून हलके टोले द्या आणि पाटी फिरवत राहा. चारही बाजूंनी थोडं थोडं सुटलं की ती पुस्तकासारखी उघडते. दोन्ही अर्ध्या तपासा, कारण जीवाश्म कधी या पानावर असतो, कधी त्या. काही सापडलं तर दोन्हींच्या मागे पेन्सिलने एकच आकडा घाला. घरी आल्यावर जोड्या जुळवत बसण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

नेच्यासारखी काळी नक्षी दिसली तर आरडाओरडा करू नका. ती वनस्पती नव्हे, फटीत शिरलेल्या मँगनीज-लोहाची करामत. पहिल्या खेपेला मी ती पाटी मफलरमध्ये गुंडाळून घरी आणली होती. बाकी मिळते ती साक्कोकोमा नावाची, जाळं विणणाऱ्या कोळ्याएवढी समुद्री लिली (फूल नव्हे, तारामाशाच्या नात्यातला प्राणी), नशीब असेल तर छोटा मासा. टेरोसॉर मिळणार नाही. याच ब्लूमेनबर्गला 1870च्या दशकात आर्किऑप्टेरिक्स या पिसं असलेल्या आद्यपक्ष्याचा सर्वांत देखणा नमुना निघाला आणि शेतकऱ्याने तो म्हणे एका गायीच्या बदल्यात देऊन टाकला, ही गोष्ट मात्र पाहुण्यांना जरूर सांगा. पुढचा तासभर हातोडी कुणी खाली ठेवत नाही.

टेरोसॉरसाठी दुपारी विलीबाल्ड्सबुर्ग किल्ल्यातल्या जुरा म्युझियममध्ये चला.

काचेमागे चपटा झालेला काड्यांचा गुंता दिसतो. बहुतेक लोक डोकं बघतात, "डायनासोर" म्हणतात आणि पुढे सरकतात. टेरोसॉर डायनासोर नव्हेत, त्यांचे चुलत भाऊ म्हणा हवं तर. आणि डोक्यापासून सुरुवात करूच नका. आधी हात शोधा.

स्वतःचा हात समोर धरा. अंगठा एक, तर्जनी दोन, मधलं बोट तीन, अनामिका चार. आता करंगळी काढून टाका. पहिली तीन बोटं नखांसकट आखूडच राहू द्या आणि अनामिका इतकी ताणा की ती एकटीच पंखाची काठी होईल. झाला टेरोसॉर. अंगठी घालतो त्या बोटावर तो उडत होता. वटवाघळाच्या पंखात चार लांब बोटं असतात, पक्ष्याची बोटं एकमेकांत जुळलेली असतात. पाटीवर त्या एकाच बोटाची चार लांब नळीसारखी हाडं एकापुढे एक, आणि त्यांच्या बुडाशी तीन छोट्या नख्यांचा झुबका दिसला की शंका नको. मग मनगटाजवळ खांद्याकडे वळलेली एक बारीक काडी शोधा. तिला टेरॉइड म्हणतात. पंखाच्या पुढच्या पडद्याला तिचा आधार, आणि ती दुसऱ्या कुठल्याच प्राण्यात नाही.

हे आज सोपं वाटतं. कोलिनी या इटालियन निसर्गअभ्यासकांनी 1784 साली पहिल्या नमुन्याचं वर्णन केलं तेव्हा त्यांना तो समुद्री प्राणी वाटला. हे बोट पंखाचं आणि प्राणी सरपटणाऱ्यांतला, हे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी 1801 साली ओळखलं, तेही केवळ चित्रावरून.

हात सापडला की शेपूट. लांब शेपूट, टोकाला पतंगासारखं पान, पुढे झुकलेले दात आणि तळहाताचं हाड आखूड असेल तर तो ऱ्हॅम्फोऱ्हिंकस. शेपूट नावालाच आणि तळहाताचं हाड लांब असेल तर टेरोडॅक्टिलस.

मग वय. माझा जीव इथे रमतो. म्युनिकचे पेटर वेल्नहोफर या विषयातले बाप माणूस. त्यांनी 1975 साली इथल्या ऱ्हॅम्फोऱ्हिंकसच्या पाच जाती मांडल्या. 1995 साली संशोधक ख्रिस बेनेट यांनी नमुन्यांची मापं पुन्हा तपासली आणि दाखवलं की जात एकच आहे, वयं वेगळी. म्हणजे आजी, आई आणि नात यांना तीन घराणी समजल्यासारखं झालं होतं. तुम्हीही बघा: डोळ्याची खोबण मोठी, तोंड आखूड, हाडं अजून एकमेकांत न जुळलेली, तर ते पिल्लू.

पिल्लू असेल तर खांद्याला लागून असलेलं दंडाचं हाड नीट न्याहाळा. 2025 साली लेस्टर विद्यापीठाचे रॉबर्ट स्मिथ आणि सहकाऱ्यांनी टेरोडॅक्टिलसची दोन नुकती जन्मलेली पिल्लं अभ्यासली, पंखांचा पसारा 20 सेंटिमीटरच्या आत. दोघांच्याही दंडाचं हाड तिरकं मोडलेलं. वादळी वाऱ्याने पंख पिरगळला, पिल्लू पाण्यात पडलं आणि गाळात गेलं, असा त्यांचा निष्कर्ष. इथे छोटेच इतके का सापडतात, याचं उत्तर त्या तिरक्या रेघेत आहे.

त्या मोडीचा मागोवा अतिनील उजेडात लागला. हा उजेड पडला की हाड उजळतं, दगड मागे पडतो. म्युझियममध्ये विचारल्याशिवाय असली बॅटरी काढू नका. विकत घेताना मात्र हटकून काढा. एका जीवाश्म मेळ्यात मी 90 युरोचं "टेरोसॉरचं बोट" जवळजवळ घेतलंच होतं. बॅटरी लावली तर दोन टोकं चमकली, मधला भाग काळाठिक्कर. तो रंग होता. विक्रेत्याने खांदे उडवले, मी पाकीट आत ठेवलं.

अण्णांना पहिल्यांदा खाणीत नेलं त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "मी एवढ्या शहाबादी घातल्या, एखादीत हा निजला असेल का गं?" नाही, अण्णा. शहाबादचा चुनखडक हाडं असलेला प्राणी जन्मायच्या फार आधीचा. आणि सोलापूरचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यातल्या त्यात जवळचं नाव सिरोंचाजवळच्या कोटा गावाचं. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांतून 1974 साली सोहनलाल जैन यांनी एका टेरोसॉरची नोंद केली. पण हाती होता जबड्याचा तुकडा, आणि तो टेरोसॉरचाच का यावर पुढे शंका घेतली गेली.

"बोट नव्हतं होय?" अण्णा म्हणाले आणि भाकरी मोडली.