महामार्गालगत रोपवाटिका करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी रब्बी हंगामाचा सल्ला

रब्बी कांद्याचे उळे (रोपांसाठीचे बी) टाकण्याचे दिवस आले की ओझर, पिंपळगाव बसवंत, चांदवड या मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या पट्ट्यात रोपांसाठी पुष्कळदा रस्त्याकडेचाच तुकडा निवडला जातो. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहत असल्याने वाहनांचा धूर वर न जाता पहाटेपर्यंत खालीच साचतो, आणि रोपे कोवळी असतात तीही नेमकी याच काळात. त्यामुळे शक्य असेल तर रोपवाटिका रस्त्यापासून किमान शंभर मीटर आत घ्यावी.

रस्त्याकडेच्या मातीतील शिसे किंवा कॅडमिअमसारखे जड धातू बियाण्याच्या टरफलातून सहज आत शिरत नाहीत, म्हणून उगवण बहुधा ठीक दिसते. खरा फटका मुळाला बसतो. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले असले, तरी जुन्या रस्त्यांकडेच्या मातीच्या वरच्या थरात ते शिसे अजून टिकून असू शकते. चुनखडीयुक्त काळी जमीन ते बरेचसे धरून ठेवते, ही आपली जमेची बाजू. तरीही रस्त्याकडेच्या चरातील गाळमाती, ती कितीही भुसभुशीत वाटली तरी, गादीवाफ्यात (रोपांसाठीच्या उंच वाफ्यात) घालू नये, कारण टायरची झीज आणि सांडलेले तेल पावसाने वाहून तिथेच जमते.

शंका असल्यास एका ट्रेमध्ये रस्त्याकडची आणि दुसऱ्यात आतल्या शेतातली माती भरून एकाच पिशवीतील शंभर-शंभर बिया पेराव्यात. प्रमाणित कांदा बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. दोन्ही ट्रेमध्ये ती कमी असेल, तर दोष बियाण्यात असण्याचा संभव अधिक. मात्र दोन्हीकडे उगवण सारखी असून रस्त्याकडच्या मातीतील मुळे आखूड, जाडसर आणि तपकिरी दिसत असतील, तर त्या मातीत रोप टाकू नये.

कांद्याच्या मेणचट पातीवर धूळ कमी टिकते. टोमॅटो व वांग्याच्या लवदार पानांवर मात्र तिचा थर बसून पर्णरंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) बुजतात. अशी रोपे सकाळी ऊन वर आल्यावर झारीने धुवावीत. संध्याकाळी धुतल्यास पाने रात्रभर ओली राहून करपा रोग वाढतो. रस्त्याच्या बाजूने मक्याच्या दोन-तीन दाट ओळी किंवा शेडनेटचा आडोसा केल्यास धूळ बरीच अडते, परंतु वायूंवर त्याचा भरवसा ठेवू नये.

शेडनेट किंवा पॉलिहाऊसजवळ जनरेटर वा डिझेल इंजिन चालत असेल, तर त्याचे धुराडे वाऱ्याने धूर रोपांकडे येणार नाही अशा बाजूस वळवावे. धुरातील इथिलीन या वायूला टोमॅटोची रोपे फार संवेदनशील असतात: पाणी पुरेसे असूनही देठ खाली वाकून पाने लोंबतात, आणि मर रोग समजून बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणे) केली जाते. अशा वेळी रोप उपटून मूळ पाहावे. ते पांढरे व निरोगी असेल, तर औषधाआधी इंजिन हलवावे.