चित्रकाराचं घर बांधायचं असेल तर

चित्रकार घर बांधायला माझ्याकडे येतात तेव्हा बेडरूम किती हव्यात, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, तुमचा सगळ्यात मोठा कॅनव्हास केवढा, आणि तो घराबाहेर जाणार कसा? सहा बाय आठ फुटांचा ताणलेला कॅनव्हास वळणाच्या जिन्यात हमखास अडतो. म्हणून स्टुडिओ शक्यतो तळमजल्यावरच घ्या. दार चार फूट रुंद ठेवा आणि दाराशी टेम्पो लागेल एवढी जागा सोडा. राहत्या खोल्या वर गेल्या तरी चालतं.

मग उजेड. स्टुडिओला उत्तरेचा उजेड हवा, हे सगळेच सांगतात, पण हा सल्ला युरोपातून आला. तिथे भर दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला असतो. आमचं कोल्हापूर 16.7 अक्षांशावर. इथे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य उत्तरेलाच असतो. तो जवळजवळ डोक्यावर असल्यामुळे दीड फुटाचा छज्जा त्याला पुरतो. खरा त्रास सकाळ-संध्याकाळचा. जूनमध्ये सूर्य पूर्वेपासून पंचवीसेक अंश उत्तरेकडे सरकून उगवतो आणि तिरपं ऊन थेट ओल्या रंगावर येतं. चार फूट रुंद खिडकी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना दोन फूट खोल उभ्या फिन, म्हणजे भिंतीतून बाहेर येणाऱ्या उभ्या आडोशाच्या पट्ट्या, घाला. खिडकीची खालची कड जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर ठेवा, वरची जमेल तितकी उंच न्या. उजेड वरून आला की तैलरंगावरची चकाकी कमी होते आणि खाली कॅनव्हास टेकवायला अख्खी भिंत मिळते.

मेक्सिको सिटीत वास्तुविशारद हुआन ओ'गॉर्मनने दिएगो रिवेरा आणि फ्रिडा काहलो या चित्रकार दांपत्यासाठी 1931-32 मध्ये दोन वेगळी घरं बांधली आणि ती गच्चीवरच्या पुलाने जोडली. रिवेराच्या स्टुडिओवर करवतीच्या दातांसारखं छप्पर आहे. ते शहर मुंबईच्याच अक्षांशाच्या आसपास, त्यामुळे मला ती घरं फार जवळची वाटतात. त्या छपराची नक्कल मात्र करू नका. आपल्या पावसात त्या दातांमधल्या पन्हळी गळायला वेळ लागत नाही.

आतल्या भिंती पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी. खिडकीसमोर शेजाऱ्याची पोपटी भिंत असेल तर प्लॉटवरच सांगा, कारण तो रंग परावर्तित होऊन कॅनव्हासवर उतरतो आणि चित्रकाराचा अंदाज चुकवतो. रात्रीच्या कामाला 5000 केल्विनचे (म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचे), 90च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी अंक) असलेले दिवे घ्या.

टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते. त्यामुळे एक्झॉस्ट फॅन छताजवळ न लावता खाली लावा, आणि स्टुडिओ व झोपायची खोली यांच्यामध्ये एक बंद होणारं दार असू द्या. तयार चित्रांचा रॅक नैऋत्येच्या भिंतीला कधीच टेकवू नका. पावसाचा मारा तिथेच असतो, भिंतीला ओल येते आणि कॅनव्हासला मागून बुरशी धरते. रॅक आतल्या भिंतीला, जमिनीपासून सहा इंच वर, चित्रं उभी राहतील अशा खणांचा करून घ्या.