एक सूर्यफूल, तीन विषय, आठ तासिका

तीन विषय एकत्र शिकवायचे ठरवलं, की आपला हात आधी तक्त्याकडे जातो. तीन रकाने आखायचे आणि प्रत्येकात थोडंथोडं भरायचं. मीही पहिल्या वर्षी हेच केलं. घटक होता 'फुलं'. विज्ञानाच्या तासाला फुलाचे भाग झाले, चित्रकलेच्या तासाला मुलांनी फुलं रंगवली आणि संगणकाच्या तासाला त्याच माहितीच्या स्लाइड बनवल्या. तीन आठवडे काम चाललं, पण एका तासात केलेलं दुसऱ्या तासात कुणालाच लागलं नाही. तेव्हापासून मी विषय न शोधता प्रश्न शोधते. निरीक्षण, चित्र आणि संगणक यांतलं एक जरी काढून घेतलं तरी जो अडून बसेल, असा प्रश्न.

सातवी-आठवीसाठी माझा प्रश्न ठरलेला आहे: सूर्यफुलाच्या बिया अशा वळणावळणाने का बसतात? पुढची आखणी त्याचीच आहे.

पहिल्या दोन तासिका फक्त चित्र काढायचं. बिया भरलेलं खरं सूर्यफूल मिळालं तर उत्तम, नाहीतर समोरून काढलेला मोठा, स्पष्ट फोटो चालेल. मुलांना आधी एवढंच सांगा की ज्याला आपण एक फूल म्हणतो तो फुलांचा गुच्छ आहे, म्हणजे स्तबक. कडेच्या पिवळ्या पाकळ्या म्हणजे एकेक किरणपुष्पक आणि मधली बारीक फुलं ती बिंबपुष्पकं. ती कडेकडून आत उमलत जातात. मग पेन्सिल हातात द्या आणि गप्प बसा. दहा मिनिटांत बहुतेक मुलं मधल्या भागात जाळी काढून मोकळी होतात. तेव्हा विचारा, "तुझ्या जाळीतली रेघ सरळ आहे. फुलात आहे का?" या एका प्रश्नाने मूल पुन्हा फुलाकडे बघतं. चित्रकला या घटकात आहे ती यासाठी. चित्र सुंदर आलं की नाही याला मी इथे गुण देत नाही. खोडून पुन्हा काढलेल्या जागांकडे बघते.

तिसऱ्या तासिकेत मोजणी. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि एका दिशेने वळणारी प्रत्येक रांग स्केचपेनने आळीपाळीने दोन रंगांत ओढायची. सुरुवातीच्या रांगेवर खूण हवीच, नाहीतर मूल फिरून तिथेच येतं आणि तीच रांग पुन्हा मोजतं. मग दुसरा कागद घेऊन उलट्या दिशेच्या रांगा. बऱ्याच फुलांत 34 आणि 55 निघतात. कुणाचे 33 आले तर "चूक" म्हणू नका, दुसऱ्या गटाकडून तोच फोटो मोजून घ्या. 1, 1, 2, 3, 5, 8, 13, 21, 34, 55 ही फिबोनाची मालिका (तिसऱ्यापासून प्रत्येक आकडा म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज) मोजणी झाल्यावरच फळ्यावर लिहा. आधी लिहिली तर मुलं फूल मोजत नाहीत, उत्तर जुळवतात.

इथे एक कळकळीची विनंती. "निसर्गात सगळीकडे हेच आकडे असतात" असं वर्गात सांगू नका. नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या शिंपल्याचं उदाहरण सर्रास दिलं जातं, पण त्याचं वळण सहसा सुवर्ण गुणोत्तराचं (या मालिकेतल्या लागोपाठच्या आकड्यांचा भागाकार ज्याच्या जवळ जातो ते, सुमारे 1.618) नसतं. मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयाने लोकांकडून सूर्यफुलं मोजून घेतली होती. 2016 मध्ये त्या 657 फुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुतेकांत फिबोनाची आकडे होते, पण सगळ्यांत नव्हते. हे मुलांना जरूर सांगा. न जुळणारं फूल हातात आलेल्या मुलाला तेव्हा आपलं निरीक्षण लपवावंसं वाटत नाही.

चौथी तासिका कारणाची. वाढणाऱ्या टोकाभोवती नवा अंकुर आधीच्या अंकुरांपासून दूर, जिथे जागा मोकळी आहे तिथे फुटतो. 1992 साली दुआदी आणि कुदेर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी चुंबकीय द्रवाचे थेंब तेलात एकामागून एक सोडले. एकमेकांना दूर ढकलत ते थेंब अशाच वळणांत बसले. म्हणजे झाडाला गणित यावं लागत नाही. शेजाऱ्याला टाळत गेलं की दोन लागोपाठच्या अंकुरांमधला कोन सुमारे 137.5 अंशांवर येतो.

पाचव्या तासिकेत कोनमापक आणि पट्टी. कागदाच्या मध्यावर बिंदू घ्या. पहिला ठिपका 137.5 अंशांवर, दुसरा 275 वर, तिसरा 52.5 वर (412.5 मधून 360 वजा), चौथा 190 वर. मध्यापासूनचं अंतर ठिपक्याच्या क्रमांकाचं वर्गमूळ, सेंटिमीटरमध्ये: 1, 1.4, 1.7, 2. पंचविसावा ठिपका 5 सेंटिमीटरवर येतो. वर्गमूळ कशाला, हा प्रश्न येणारच. वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे सारख्या जागेत सारखे ठिपके बसवायचे तर अंतर वर्गमुळानेच वाढायला हवं. विसाव्या ठिपक्याला हात दुखू लागतात आणि वळण तर नीट दिसतही नाही. ही तासिका गाळू नका. संगणक का हवा, हे मुलांना इथेच कळतं.

सहावी-सातवी तासिका स्क्रॅचची, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या मुलांच्या संगणक-भाषेची. एक छोटा गोल ठिपका काढून तो कॉश्च्यूमच्या (स्क्रॅचमधल्या पात्राच्या चित्राच्या) बरोबर मध्यावर ठेवा. 'पेन' हे एक्स्टेन्शन जोडा आणि 'एन' नावाचं चल शून्यावर घ्या. मग 300 वेळा हे घडवा: 'एन' एकाने वाढव, शून्य-शून्य या जागी जा, 137.5 अंश वळ, 'एन'च्या वर्गमुळाला 9 ने गुणून तितकी पावलं पुढे जा, स्टॅम्प उमटव. मध्यावर परतल्यावर दिशा तशीच राहते, म्हणून कोनांची बेरीज आपोआप होते. शेवटचा ठिपका साधारण 156 पावलांवर पडतो. मंच, म्हणजे स्क्रॅचमधली चित्राची चौकट, मध्यापासून वर-खाली 180 पावलांचा आहे, त्यामुळे सगळं मावतं.

आता मुलांना कोन बदलू द्या. 90 ला चार सरळ रांगा, 120 ला तीन, 137 किंवा 138 ला कडेकडे फटी. या तासाला वर्गात जो गलका होतो तो मला फार आवडतो. अर्ध्या अंशाने केवढा फरक पडतो, ते डोळ्यांना दिसतं. अ‍ॅलन ट्यूरिंग या ब्रिटिश गणितज्ञांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मँचेस्टरच्या संगणकावर याच कोड्यावर काम केलं आणि 1954 साली त्यांच्या मृत्यूने ते अपुरं राहिलं, ही गोष्ट मी इथेच सांगते.

रंगाचा निर्णयही गणितातून येऊ दे. 'एन'ला 34 ने भागून उरणाऱ्या बाकीला 6 ने गुणायचं आणि येणारी संख्या रंगाच्या इफेक्टला द्यायची. एकेका वळणाला एकेक रंग चढतो. 34 ऐवजी 10 घेतले की रंग विखुरतात. कुठलं चित्र ठेवायचं आणि का, हे मूल ठरवेल. (ठिपका लाल घ्या, काळ्यावर रंगबदल जेमतेम दिसतो.)

आठव्या तासिकेत आपल्या छापील चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून पुन्हा रांगा मोजायच्या. कडेला 21, 34, 55 यांतले आकडे निघतात. मूल्यमापनासाठी प्रत्येकाकडून चार कागद घ्या: पेन्सिलचं चित्र, फुलाची मोजणी, हाताने काढलेले ठिपके आणि छापील चित्र. सोबत एकाच प्रश्नाचं पाच-सहा ओळींत उत्तर मागा: "माझं संगणकावरचं फूल खऱ्या फुलापेक्षा कुठे वेगळं आहे?" एका मुलीने लिहिलं होतं, "माझे सगळे ठिपके सारखे आहेत, खऱ्या फुलात मधल्या बिया लहान आणि चिरडलेल्या आहेत." पुढच्या वर्षी मी आठव्या तासिकेनंतर आणखी एक तासिका राखून ठेवली, ठिपक्याचा आकार 'एन'नुसार बदलण्यासाठी.