पीएचडीचा गाईड निवडताय? मग त्यांचं पब्लिकेशन रेकॉर्ड असं बघा

शिवाजी विद्यापीठात किंवा इकडच्या एखाद्या कॉलेजात पीएचडी करायचं ठरलं की गाईड कोण घ्यायचा यावर चर्चा सुरू, आणि मग कोणतरी सांगतंच की अमक्या सरांचा एच-इंडेक्स (पेपर किती आणि ते इतरांनी किती वेळा संदर्भाला घेतले यावरून काढलेला आकडा) 45 आहे, नाद खुळा! असेल की, पण तो कुठल्या विषयात आहे हे आधी बघा, कारण नॅनोमटेरियलमधले 45 आणि गणितातले 45 यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

सुरुवात गुगल स्कॉलरपासून करा, म्हणजे गुगलचं संशोधनाचे पेपर शोधायचं पान, फुकट आहे आणि मोबाईलवरही चालतं. नाव शोधताना मात्र जपून, आपल्याकडं पाटील नाहीतर जाधवच्या आधी दोन इनिशियल टाकून शोधलं तर निम्मा जिल्हा हजर होतो. त्यात स्कॉलर कधीकधी दुसऱ्याचेच पेपर प्रोफाइलमध्ये आणून टाकतं आणि प्रोफाइलवालाही ते काढायच्या भानगडीत पडत नाही. म्हणून त्या माणसाचा 16 अंकी ऑर्किड (ORCID) नंबर, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, शोधून तिथली यादी शेजारी ठेवा. स्कॉलरवर सायटेशनच्या, म्हणजे इतरांनी पेपर किती वेळा संदर्भाला घेतला त्याच्या, आकड्यापुढं फुली (*) दिसली तर त्यात दुसऱ्या लेखाची सायटेशन मिसळलेली असू शकतात, तिथं क्लिक करून बघा.

मग एच-इंडेक्स. 2005 मध्ये होर्हे हर्श या फिजिक्सवाल्यानं हा प्रकार काढला. समजा सात पेपरना 40, 22, 9, 6, 5, 3, 1 अशी सायटेशन आहेत, तर पाच पेपरना किमान पाच-पाच मिळालीत म्हणून एच-इंडेक्स 5. वरच्या पेपरला 40 च्या जागी 4000 मिळाली तरी तो 5 च राहतो! आणि काम बंद केलं तरी तो खाली येत नाही, त्यामुळं शेजारचा गेल्या पाचेक वर्षांचा कॉलमही बघा. पण त्यात जुन्या पेपरना आता मिळालेली सायटेशनही धरतात, म्हणून सर अजून लिहितायत का ते पेपरची यादी वर्षाप्रमाणं लावून बघा.

आता खरं काम, यात तासभर गेला तरी चालेल. वही घ्या आणि पेपर विषयाप्रमाणं वेगळे करा. आपल्याकडं थिन फिल्मवाले (पदार्थांच्या अतिपातळ थरांवर काम करणारे) बरेच, त्यातून सुपरकपॅसिटर, गॅस सेन्सर, मग बायोवाल्यांबरोबर अँटिबॅक्टेरियल असं एकाच नावावर चार विषय निघतात. प्रत्येक विषयातले वरचे तीन-चार पेपर उघडून ऑथरमध्ये नाव कुठं आहे ते बघा. केमिस्ट्री-बायोत गाईड बहुतेक शेवटी असतो किंवा करस्पाँडिंग ऑथर (पेपरबद्दलचा पत्रव्यवहार ज्याच्याकडं असतो तो) असतो, गणितात नावं सहसा अल्फाबेटप्रमाणं असतात. 2015 चा हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाचा पेपर तर 5154 जणांचा आहे, तसल्यातली सायटेशन एकट्याच्या खात्यावर कशी धरणार? रिव्ह्यू पेपर (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे) आणि लॅबच्या पद्धतीचे पेपरही वेगळे काढा, ते फार साइट होतात. प्रोटीन मोजायच्या पद्धतीवरचा लॉरी यांचा 1951 चा पेपर तीन लाख सायटेशनच्या वर गेलाय.

तुलना करायची ती त्याच विषयातल्या, साधारण तेवढ्याच वर्षांच्या माणसाशी. लायब्ररीत स्कोपस (पेपर आणि सायटेशनचा विकतचा डेटाबेस) असेल तर पेपरच्या पानावर एफडब्ल्यूसीआय, म्हणजे विषयाप्रमाणं तोललेला सायटेशनचा आकडा, बघा, 1 म्हणजे त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, तशाच प्रकारच्या लेखांची जागतिक सरासरी, 2 म्हणजे दुप्पट. तिथंच स्वतःची सायटेशन वगळायचीही सोय आहे, ती वगळून आकडा धाडकन पडला तर काय ते समजून घ्या.

इतिहास, मराठीवाल्यांना ही फूटपट्टी लावूच नका. पुराभिलेखागारात बसून मोडी कागद वाचून लिहिलेलं पुस्तक स्कोपसमध्ये बहुतेक सापडणारच नाही, तिथं पुस्तकं आणि लेख प्रत्यक्ष वाचावे लागतात, दुसरा रस्ता नाही.

मागं घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमध्येही नाव टाकून बघा, फुकट आहे. एखादा पेपर मागं घेतला म्हणजे माणूस वाईटच असं नाही, मागं का घेतला ते तिथं वाचा.

शेवटी शोधगंगा, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध ठेवलेली वेबसाइट. तिथं गाईडच्या नावानं प्रबंध शोधा आणि त्या विद्यार्थ्यांची नावं पेपरच्या यादीशी ताडून बघा. विद्यार्थ्याच्या प्रबंधातलंच काम पेपरात आलंय आणि पहिलं नाव भलत्याचंच आहे, असं दोन-तीनदा दिसलं तर त्या विद्यार्थ्यांना गाठून चहा पाजा आणि मगच फॉर्म भरा.