फसली साल वाचताना या चुका टाळा

कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मराठवाड्यात घरोघरी निजामकाळातले सेतवार आणि पहाणीचे उतारे (जमिनीच्या आणि पिकांच्या जुन्या नोंदी) बाहेर निघाले आहेत. उर्दू वाचून देणारा माणूस मिळतो, पण घोळ होतो तो फसली सालात, म्हणजे पिकांच्या हंगामावर बेतलेल्या महसुली सालात.

‘इसवी सन काढायला फसलीत 590 मिळवा’ हा तोंडपाठ हिशेब अर्धाच खरा आहे. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजर या पहिल्या महिन्याच्या 1 तारखेला लागायचं. त्यामुळे 590 चालतात ते डिसेंबरअखेरपर्यंतच. जानेवारी लागला की 591 धरा. समजा, नोंद 25 तीर 1343 फसलीची आहे. तीर म्हणजे साधारण मे महिना, म्हणून साल 1934. सरसकट 590 मिळवणारा 1933 लिहून मोकळा होतो आणि वंशावळीत बापलेकांच्या वयाचा मेळ बसत नाही.

महिन्यांची नावं इराणी आहेत, म्हणून कुणी मोबाईलवर इराणी कॅलेंडर काढून बसतं. तसं करू नका. तिकडे वर्ष मार्चमध्ये फरवर्दीनने सुरू होतं आणि आजर नववा येतो. आपल्याकडे आजर पहिला, फरवर्दी पाचवा, म्हणजे फेब्रुवारीच्या आसपास.

पेशवाईतल्या मोडी कागदांत बहुधा शुहूर सन हे वेगळंच साल असतं. काही कागदांत फसलीही असते, पण तिथे साल मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. अशा फसलीच्या कागदावर जुलैची नोंद असेल तर 590 च. आकडा तोच असला तरी पाडवा वेगळा.

हिजरी या चांद्र सालाशी गल्लत केली तर थेट आठ-दहा वर्षांचा फरक पडतो. चांद्र वर्ष दरवर्षी सुमारे 11 दिवस मागे सरकतं, पिकं सूर्यावर चालतात. हंगाम घरात यायच्या आधी सारा मागायची वेळ येऊ नये म्हणून तर फसली साल काढलं. 1948 च्या उन्हाळ्यात फसली 1357 चालू होतं, हिजरी 1367. सालापुढे कोणतं अक्षर आहे, फसलीचं की हिजरीचं, ते वाचणाऱ्याला आवर्जून विचारा.

आणि 1358 फसली दिसलं की ‘1948, म्हणजे निजामाचं राज्य’ असं म्हणू नका. निजामाविरुद्धची पोलीस अ‍ॅक्शन सप्टेंबर 1948 मध्ये झाली, तेव्हा 1357 संपत आलं होतं. 1358 सबंध पोलीस अ‍ॅक्शननंतरचं. जहागिरी रद्द करणारा 1949 चा कायदासुद्धा 1358 फसलीचाच आहे.

अर्जात मूळ फसली तारीख महिन्यासकट लिहा, इसवी सन तिच्या पुढे.